मोळीचा बार

आमच्या गल्लीत वरात आली की कुणीतरी हौसेनं मोठा फटाका लावतो. तो फुटला की मला आधी आनंद होतो. अगदी खरा आनंद, छातीत काहीतरी उजळल्यासारखा. 'पडली बाई मोळी' असं मनात येतं, आणि मग सगळं आठवतं आणि मी दार लावून आत बसते. कारखाना सोडून नगरला येऊन किती वर्षं लोटली, मालक गेले, माझे गुडघे गेले, पण कानाची ही खोड काही गेली नाही. सुना म्हणतात, आई, फटाक्याला काय घाबरता? मी म्हणते, घाबरते बाई, म्हातारी झाले ना. त्यांना काय सांगायचं?

मोळी म्हणजे उसाची मोळी. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा पहिली मोळी पूजा करून गव्हाणीत टाकतात. गव्हाण म्हणजे ऊस आत ओढून नेणारा चालता पट्टा. प्रवरेच्या पाटावरच्या एका कारखान्यावर माझे मालक फिटर होते आणि आम्ही कारखान्याच्याच कॉलनीत राहायचो. त्या कारखान्याची एक रीत होती. मोळी पडली की गेटवरचा पहारेकरी आभाळाकडं नळी करून बंदुकीचा एक बार काढायचा. आम्हा बायकांना मोळीच्या पूजेला कोण बोलावतंय! आम्हाला तो बारच ऐकू यायचा. तो ऐकला की आम्ही दारात यायचो आणि एकमेकींच्या हातावर साखर ठेवायचो. आता पुढचे काही महिने भोंगा वाजणार, मळीचा वास सुटणार, चिमणीची काजळी पडून वाळत घातलेली लुगडी काळी होणार, आणि तरी आम्ही खूश असायचो. हंगाम आला की कॉलनीत जीव यायचा.

बैठी चाळ होती आणि आमची खोली मधली. डावीकडं टाईमकीपर राहायचे. गेटला लागून टाईम ऑफिस होतं, तिथं ते कामगारांच्या हजेऱ्या लावायचे. त्यांना मी भाऊजी म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. भाऊजी म्हणजे थट्टेखोर माणूस. एकदा माझ्या मालकांच्या डब्यात भाकरीखाली लोखंडी वॉशर ठेवून 'आज बायकोनं पापड दिलाय' म्हणून सगळ्या वर्कशॉपला दाखवत फिरले. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण माझ्या पहिल्या बाळंतपणात मालक कामावर अडकले होते, तेव्हा कुणाची तरी बैलगाडी जुंपून आणणारे आणि दवाखान्यापर्यंत गाडीपुढं पळत जाणारे तेच. असा शेजारी. रागही त्याचाच यायचा आणि नड पडली की दारही त्याचंच वाजवायचं.

उजवीकडं हवालदार. फौजेतून आलेले म्हणून सगळे हवालदार म्हणायचे. होते कारखान्याचे पहारेकरी. उंच, वाळलेले, डोक्याला पटका, बोलणं कामापुरतं. त्यांची बायको माझ्यापेक्षा बरीच मोठी, तिला मी आक्का म्हणायचे. लेक सोनईला दिलेली, घरात दोघंच. हवालदार घरी आले की आधी बुटांना पॉलिश आणि मगच जेवण. बंदूक कारखान्याची, पाळी संपली की पुढच्या पहारेकऱ्याच्या हाती द्यायची. पण तिची निगा राखावी तर हवालदारांनीच. आक्का म्हणायची, "माजी सवत हाय ती. तिला रोज तेलपानी आन मला दसऱ्याला एक लुगडं." भाऊजींनी हे कुठूनतरी ऐकलं आणि त्या दिवसापासून बंदुकीचं नाव पडलं 'हवालदाराची नवरी'. सगळा कारखाना तसंच म्हणायला लागला. हवालदार कसनुसं हसायचे, पण घरी आले की बराच वेळ बोलायचे नाहीत. मधल्या खोलीत असं सगळं कळतं.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. पाने, हातोडे, लेथ, वजनकाटा, सगळ्याला झेंडू. त्या एका दिवशी कॉलनीतल्या सवाष्णींना आत बोलावणं असायचं. गेटवरच्या बंदुकीची पूजा दरवर्षी वहिनी करायच्या. मी सांगतेय त्या वर्षी तबक माझ्या हातात होतं. हवालदारांनी एकनळी बंदूक मधोमध मोडून उघडली, कमरेच्या पट्ट्यातलं एक काडतूस काढलं, हिरव्या कागदी नळीचं, पितळी बुडाचं, ते आत सरकवलं आणि बंदूक वहिनींपुढं धरली. पहारेकऱ्यांची समजूत होती, कुणी सुरू केली देव जाणे, की पुजलेलं शस्त्र रिकामं ठेवायचं नाही. म्हणून खंडेनवमीला एक काडतूस आत घालायचं, त्यालाही कुंकू लावायचं आणि मोळी पडेपर्यंत ते तसंच ठेवायचं. मोळीला जो बार व्हायचा तो त्या पुजलेल्या काडतुसाचा. नियमात हे बसत नव्हतं. हंगाम नसताना बंदूक रिकामी असली पाहिजे, असा कारखान्याचा नियम होता. पण खंडेनवमीपासून मोळीपर्यंत असे कितीसे दिवस, म्हणून साहेबलोक तिकडं कानाडोळा करायचे.

कुंकू तेलात कालवलेलं होतं. एरवी ते धातूला धरत नाही. वहिनींनी पितळेवर बोट टेकवलं आणि ते घसरलं, कुंकवाचा ओघळ पार काठापर्यंत गेला. त्या पदरानं पुसायला लागल्या तर मागून भाऊजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. नवरी हाय, नटू दे तिला." आम्ही सगळे हसलो. हवालदारांनी खटकन बंदूक मिटली आणि भिंतीला लावून ठेवली.

ते बहात्तरचं साल. पाटाला पाणी नाही, ऊस उभा वाळला, निम्मा तर गुरांना वैरण म्हणून कापून नेला. दसरा गेला, दिवाळी गेली, पण मोळीचं नाव कुणी काढेना. हंगामी कामगार कधीच घरी गेले होते आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होते. कायमचे होते ते रोज कामावर जायचे आणि पुसलेलंच यंत्र पुन्हा पुसायचे. बॉयलर थंड, त्यामुळं भोंगाही नाही. रेशनला तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरी थापताना तुटायच्या. बाप्यांच्या हाताला काम नसलं की ते लहान पोरांपेक्षा वाईट. एकमेकांच्या चपला लपव, सायकलची हवा सोड, असले धंदे चालायचे, आणि भाऊजी त्यात सगळ्यांच्या पुढं.

त्या दुपारी आम्ही तिघी ओट्यावर मिलो निवडत होतो, वहिनी, मी आणि आक्का. आणि बार झाला. भोंगा नाही, यंत्रं नाहीत, त्या शांततेत तो अगदी स्वच्छ आला. वहिनी सूप टाकून उठल्या. "पडली गं मोळी!" म्हणाल्या, आणि हसल्या. त्या दुष्काळात इतकं मोकळं हसलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. आक्का म्हणाली, "न सांगता न सवरता कशी पडली?" पण हसत तीही होती. वहिनी घरात पळाल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या आणि आमच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. मी ती तोंडात टाकली. ती विरघळली पण नव्हती, आणि गेटाकडून माणसं आमच्या चाळीच्या दिशेनं पळत येताना दिसली.

काय झालं ते मालकांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही तुटक तुटक. हवालदार गेटवर स्टुलावर बसल्या बसल्या पेंगले होते. बंदूक भिंतीला टेकवलेली. भाऊजींनी ती हळूच उचलली आणि टाईम ऑफिसात कपाटामागं लपवली. हवालदारांना जाग आली, हात भिंतीकडं गेला आणि बंदूक नाही. फौजेतल्या माणसाचं हत्यार हरवणं म्हणजे काय, हे त्या गेटवर दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार! त्यांनी स्टुलाखाली बघितलं, रांजणामागं बघितलं, सायकलींच्या शेडमध्ये बघितलं. दिसेल त्याला विचारायचे, "माजी बंदूक पाह्यली का कुनी?" आणि जो तो तोंड फिरवून हसायचा. वर्कशॉपमधली माणसं काम सोडून बघायला आली. शेवटी हवालदारांनी डोक्याचा पटका काढून फोरमनच्या पायावर ठेवला. "नोकरी घ्या माजी, पन बंदूक द्या." तरी कुणी सांगितलं नाही.

"तुमीबी हसलात?" मी मालकांना विचारलं.

"समदेच हसत हुते," ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

मग भाऊजी ऑफिसातून बाहेर आले. बंदूक दोन्ही हातांवर आडवी, तिच्यावर टॉवेल पदरासारखा टाकलेला. "घ्या हवालदार. तुमची नवरी पळून गेल्ती, धरून आनली." हवालदारांनी ती घेतली. टॉवेल खाली पडला आणि बार झाला. त्यानंतर हवालदारांनी बंदूक भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि पोलीस येईपर्यंत ते स्टुलावर बसून राहिले. भाऊजी जागीच गेले होते.

ते काडतूस आत जाताना भाऊजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. 'नटू दे तिला' म्हणणारे तेच. पण मोळी इतकी लांबली की ते विसरले. असं मी धरून चालते. दुसरं काय धरणार?

पुढं इकडून तिकडून ऊस गोळा करून कारखान्यानं कसाबसा बॉयलर पेटवला. मोळी पडली तेव्हा नुसता भोंगा वाजला. बाराची सवय, म्हणून आम्ही बायका दारात येऊन उभ्या राहिलो होतो. कुणीतरी हळूच म्हणालं, "ह्या वर्साला बार न्हाई वाटतं." वहिनींचं दार लोटलेलं होतं. आतून त्यांचा आवाज आला, "झाला की मागंच." आम्ही गुपचूप आपापल्या घरात गेलो.

मधल्या खोलीत राहणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. आक्काला खोली सोडायची नोटीस आली होती, पण युनियनच्या लोकांनी रदबदली करून ती खटला पार मिटेपर्यंत थांबवली. आक्का सगळ्यांचं झाल्यावर नळावर यायची, खाली मान घालून हंडा भरायची आणि जायची. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. संध्याकाळी दिवे लागले की उजव्या भिंतीतून ब्रशचा आवाज यायचा, खसखस, खसखस. ती हवालदारांच्या बुटांना पॉलिश करायची. घालायला माणूस नाही आणि बूट मात्र रोज चकचकीत. डावीकडं आवाजच नसायचा. मधेच कधीतरी डब्याचं झाकण उघडायचं आणि मिटायचं. साखरेच्या डब्याचं झाकण मी ओळखायचे. ते उघडलं की माझ्या जिभेवर ती चिमूटभर साखर यायची. साखरेच्या कारखान्यावर राहून मी त्या वर्षी बिनसाखरेचा चहा प्यायला शिकले.

खटला नगरच्या सेशन कोर्टात चालला. हवालदारांनीच मारलं यात वाद नव्हता. वाद एकाच गोष्टीचा होता आणि तिच्यावर त्यांचा जीव टांगलेला होता. काडतूस बंदुकीत आधीपासून होतं, की बंदूक हातात आल्यावर त्यांनी भरलं? आधीपासून असेल, तर अपमानाच्या झटक्यात बोट दाबलं गेलं. पण भरलं असेल, तर बंदूक मोडायची, पट्ट्यातलं काडतूस काढायचं, आत घालायचं, बंदूक मिटायची, नेम धरायचा. एवढं सगळं करणाऱ्यानं ठरवूनच मारलं, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. पट्ट्यात एक काडतूस कमी होतं. ते खंडेनवमीपासूनच कमी होतं, पण हे कोण सांगणार?

हवालदारांच्या वकिलांनी पूजेचं काडतूस कोर्टात सांगून बघितलं. दुसऱ्या पहारेकऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, अशी काही रीत नाही, मोळीच्या दिवशीच बंदूक भरतात. रीत कबूल केली असती तर त्यांची नोकरी गेली असती, आणि साहेबांची गेली असती, आणि कारखान्याचा बंदुकीचा परवाना गेला असता. एक पहारेकरी तर शपथेवर बोलला की हवालदार पाठमोरे झाले, बंदूक भरली आणि मग वळले. फोरमन म्हणाला, कुणी हसत नव्हतं. पटक्याचं कुणी बोललंच नाही. मालकांना साक्षीला बोलावलं नव्हतं आणि ते आपण होऊन गेले नाहीत. मला कोण विचारणार? आणि खरं सांगायचं तर हवालदारांसाठी बोलावं असं तेव्हा माझ्या मनातही नव्हतं. गाडीपुढं पळत गेलेला माणूस मला दिसायचा. त्याला मारणाऱ्याचं काय व्हायचं ते होऊ दे, असं वाटायचं.

फाशीची शिक्षा झाली. न्यायाधीशांनी पेनाची नीब मोडली, असं नळावर बायका एकमेकींना सांगत होत्या. जसं काही ह्या तिथं टेबलापाशीच उभ्या होत्या! कुणी म्हणालं, बरं झालं. मीही म्हणाले असेन. पण त्या संध्याकाळी उजव्या भिंतीतून ब्रशचा आवाज नेहमीसारखाच आला, आणि मी कणकेत हात तसाच ठेवून बसून राहिले. ज्याचे बूट पुसले जातायत त्याला आता गळ्याला दोर लावून मारणार आहेत, हे मला त्या आवाजानं कळलं. निकालानं कळलं नव्हतं.

काही दिवसांनी आक्का माझ्या दारात आली. येरवड्याला नवऱ्याला भेटून आली होती. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"बाई, तबक तुमच्या हातात हुतं."

मी पदराला हात पुसत उंबऱ्यापाशी गेले.

"वकील म्हनत्यात, मुंबईच्या कोर्टात फाशी पक्की व्हायाची ऱ्हायलीय. तवर कुनी काडतुसाचं सांगनारं भेटलं तर बगता यील. माज्या सांगन्याला किंमत न्हाई. मी बायको."

"हवालदार काय म्हनत्यात?"

"म्हनत्यात, काडतूस आत हाय हे चाप वढताना माज्या ध्यानात हुतं का नव्हतं, त्येच मला आठवंना. रोज त्येच आठवत बसतो म्हनत्यात. मला वाचवा आसं काय न्हाई म्हनले."

मी एकटीनं जाऊन सांगितलं असतं तरी पुढचा प्रश्न ठरलेला होता. कुंकू कुणी लावलं? मग वहिनींना ओढून आणणार. नवरा गेलेल्या बाईला विचारणार, तुमच्या नवऱ्याला लागलेलं काडतूस तुम्हीच पुजलं होतं का? म्हणून मी आधी डाव्या दाराला गेले. वहिनी तेव्हा कारखान्याच्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागल्या होत्या, पदरात एक लहान लेक होती. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग असा आवाज चढवला की सगळी चाळ दारात आली.

"लटकू दे मेल्याला! माज्या दारात येऊन त्याचं नाव घ्यायला लाज न्हाई वाटत तुला?"

मी खाली मान घालून परत आले. मला रागही आला आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना.

ही गोष्ट कशी कोण जाणे साहेबांपर्यंत गेली. एक जीपगाडी आली, वहिनींच्या दारात थांबली. नोकरी आहे, खोली आहे, लेकीचं शिक्षण आहे, नसत्या भानगडीत पडू नका, असं गोड बोलून गेली. वहिनींचा दीर गावाकडून आला आणि त्यानं तर भिंत हलेल असा दम भरला. भावाच्या खुन्याला वाचवणारीचं तोंड बघणार नाही, म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "मी कुटं वाचवतीय?" सगळं मला ऐकू येत होतं.

दीर गेला त्या संध्याकाळी वहिनी माझ्याकडं आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. चुलीपाशी बसल्या, मी चहा ठेवला. तेवढ्यात उजव्या भिंतीतून खसखस सुरू झालं.

"ह्यो कसला आवाज गं?"

"आक्का बूट पुसती. हवालदाराचे."

"रोज?"

"रोज."

त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि तिला कान लावून उभ्या राहिल्या. खसखस थांबेपर्यंत तशाच. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी बार ऐकून मी हसले हुते ना गं?"

"समद्याच हसलो, वहिनी."

"साखर मी वाटली." एवढं बोलून त्या गेल्या. चहा तसाच राहिला. सकाळी मी दार उघडलं तर त्या ओट्यावर उभ्या होत्या. "नगरला कवा जायाचं, इचार तिला," म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं नाही. माणसाचं मन पालटताना आपण मधे तोंड घालू नये.

वकिलांनी मुंबईला अर्ज केला आणि तिथून हुकूम आला की या दोन बायांची साक्ष नगरच्या कोर्टानं नोंदवून घ्यावी. हवालदारांना येरवड्याहून आणलं होतं. इतके वाळले होते की मी आधी ओळखलंच नाही. आधी माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी मला पार उलटीपालटी केली. आरोपी शेजारी राहायचा ना? त्याची बायको तुमच्या दारी आली होती ना? म्हणजे शेजारधर्म पाळताय! मी संतापून काहीतरी बोलले आणि न्यायाधीशांनी मला विचारलं तेवढंच बोलायला सांगितलं.

मग वहिनी. साधं फिकट पातळ, उघडं कपाळ. न्यायाधीशांनी बसायला खुर्ची देऊ केली, त्या बसल्या नाहीत. काडतूस खंडेनवमीला आत घातलं, मी कुंकू लावलं, मोळी पडली नव्हती म्हणून ते आतच होतं, असं त्यांनी अडखळत सांगितलं.

सरकारी वकील म्हणाले, "बाई, हा तुमच्या पतीचा खुनी आहे, हे ठाऊक आहे ना?"

"माज्यापरीस जास्ती कुनाला ठावं असनार?"

"काडतुसं सगळी सारखीच दिसतात. तुम्ही पुजलेलं हेच, हे कशावरून?"

वहिनी म्हणाल्या, "दावा मला."

मुद्देमालाची पुडी सोडली. बार झाल्यावर उरते ती रिकामी पुंगळी त्यात होती. हिरवा कागद काळा पडलेला, बूड पितळी, आणि पितळेवर एक गडद तांबडा डाग काठापर्यंत ओघळलेला. इतक्या दिवसांत तो सगळ्यांनी पाहिला असेल. खुनाच्या खटल्यातला तांबडा डाग, कोण कशाला दुसरं काही समजेल? वहिनींनी हात लावला नाही. वाकून बघितलं, आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आपोआप वर आलं, कुंकू लावताना येतं तसं.

"हे रगत न्हाई साहेब. हे कुकू हाय. माजं बोट घसरलं, ह्यो बगा, ह्या अंगाला ओघळ गेला. मी पुसायला लागले तर हे म्हनले, ऱ्हाऊ दे, नवरी हाय, नटू दे तिला." हवालदारांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली आणि कठड्याला धरून त्यांनी ओक्साबोक्शी रडायला सुरुवात केली. न्यायाधीश लिहायचे थांबले होते.

पुढं मुंबईहून निकाल आला. फाशी गेली, जन्मठेप झाली. कारखान्याच्या पहारेकऱ्यांच्या हाती बंदूक जाऊन काठी आली. वहिनींची बालवाडीतली नोकरी गेली. कारण दुसरंच काहीतरी सांगितलं. दीर पुन्हा कधी आला नाही. वहिनी लेकीला घेऊन माहेरी गेल्या आणि आमच्या डाव्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं. पण मला राहून राहून आठवतो तो साक्षीचाच दिवस, नगरच्या एस्टी स्टँडवरचा.

आम्ही तिघी गाडीची वाट बघत उभ्या होतो. आक्का लांब, खांबाआड. मग ती हळूहळू पुढं आली आणि काही न बोलता वहिनींच्या पायावर वाकली. वहिनी चटका बसल्यासारख्या मागं सरल्या.

"पाया पडू नका, आक्का. तुमच्यासाटी न्हाई केलं. त्याच्यासाटी तर मुळीच न्हाई. त्याला मी मरस्तवर माफ करनार न्हाई."

आक्का वाकलेलीच राहिली. येणाऱ्या जाणाऱ्या लोकांच्या वळकट्या आम्हाला घासून जात होत्या.

"काडतूस म्या नटवलं," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "बंदूक ह्यांनी आपल्या हातानं नेऊन दिली. चाप त्यानं वढला. तिगांनी मिळून मारलंय त्यान्ला. मग फासावर एकट्यालाच कसं चढवायचं?"

आक्का उठली. मग गाडी लागली, गर्दी होती, मागच्या बाकावर तेवढी जागा मिळाली. आक्का खिडकीशी बसली, वहिनी कडेला, आणि मी दोघींच्या मधे.